आलेखात दोन ढग दिसले म्हणून दोन जाती होत नाहीत

गोड्या पाण्यातल्या माशांवर काम करायचं ठरवलंत, की एक शोधनिबंध हाती येतोच: स्ट्रॉस आणि बुकस्टाइन, १९८२, 'ट्रस' पद्धत. माशाच्या कडेवर १० खुणा घ्यायच्या (तोंडाचं टोक, पाठीवरच्या पराची सुरुवात, शेपटीचं मूळ वगैरे) आणि त्या जोडून २१ अंतरं मोजायची. जुनी मापं बहुतेक लांबीच्या दिशेनेच जायची. ट्रस अख्ख्या अंगाचा सांगाडा पकडते. पद्धत उत्तमच आहे. माझी तक्रार आहे ती आपण ती वापरतो त्यावर.

पहिली चूक टक्केवारीची. ४० मिमीच्या खवलीचा डोळा ४ मिमी, म्हणजे १०%. अंगाच्या मानाने डोळा सावकाश वाढतो. घातांक ०.८ धरला, तर तीच खवली ८० मिमीची झाल्यावर डोळा सुमारे ७ मिमी, म्हणजे ८.७%. मासा तोच, टक्केवारी वेगळी! मीही यात फसलो. राहनाळला घरी बसून कामवारी नदीतली आणि भिवंडीच्या बाजारातली खवली एकाच आलेखावर मांडली, तर दोन सुंदर ढग. वाटलं, काहीतरी सापडलं! प्रत्यक्षात बाजारातले मासे मोठ्या आसाच्या जाळ्यातले होते. मी जाळं मोजलं होतं, मासा नव्हे. म्हणून आधी प्रत्येक माप लांबीच्या घातांकाने दुरुस्त करा: ७ × (४०/८०)^०.८, उत्तर पुन्हा ४ च्या आसपास येतं.

दुसरी चूक जास्त धोकादायक. २१ मापं आणि दोन ठिकाणचे मिळून ३० मासे घेऊन डिस्क्रिमिनंट विश्लेषण केलं, की गट जवळजवळ नेहमीच वेगळे पडतात. खात्री करायचीय? माशांवरच्या ठिकाणांच्या चिठ्ठ्या सरमिसळ करा आणि पुन्हा चालवा. तरीही ढग वेगळेच दिसले, तर तुमचा निष्कर्ष गेला. एकेक मासा बाहेर ठेवून तपासलेली अचूकताच छापा. आणि हो, तेच मासे दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा; आपल्या हाताची चूक किती, ते आधी कळू दे.

एवढा कीस का काढायचा? साइक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांना नावं दिली, त्यातलं 'मुसुल्ला' पुढे कावेरीच्या कुबडवाल्या महासीरला चिकटलं. अंगाची ठेवण आणि डीएनए दोन्ही तपासून २०१८ मध्ये तो टॉर रेमादेवी ठरला. तो अतिसंकटग्रस्त आहे. चुकीच्या नावाखाली मासा वाचवता येत नाही. त्यामुळे पुढचा शोधनिबंध वाचताना आलेख नंतर बघा. आधी मासे किती आणि मापं किती, ते मोजा.