प्रोग्रेसिव्ह गट : बंडखोरी आणि पाठबळ
१९४७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची मीमांसा बहुधा बंडखोरीच्या अंगानेच केली जाते. वास्तविक १९४९ मधील त्यांचे प्रदर्शन भरले ते प्रस्थापित बॉम्बे आर्ट सोसायटीच्याच दालनात! रुडी फॉन लायडन यांनी समीक्षा लिहिली, वॉल्टर लँगहॅमर यांनी मार्गदर्शन केले, इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी चित्रे विकत घेतली; तिघेही नाझी राजवटीमुळे युरोप सोडून आलेले. एकेकाळी मोटारी धुणाऱ्या आरांचे गुण लायडन यांनीच हेरले. रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले ते फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर. हे पाठबळ तळटीपेत ढकलणारी समीक्षा एकांगी ठरते. जहांगीर कलादालनाच्या तारखेसाठी वर्षानुवर्षे ताटकळणाऱ्या नवोदिताच्या अपयशाचे खापरही ती त्याच्या प्रतिभेवरच फोडते.