लाल राहिलेला आकडा

भोपाळच्या बाग सेवनियातल्या एका टायरवाल्याने दिलेला व्हील अलाइनमेंटचा छापील कागद माझ्यासमोर आहे. वर गाडीचं नाव, स्विफ्ट. खाली आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे. मर्यादेत बसलेला आकडा हिरवा, न बसलेला लाल. गाडी पुतण्याची. कंपनीचे शॉकअप आणि स्प्रिंगा काढून त्याने कॉइलओव्हर बसवले आणि गाडी 40 मिलिमीटरने खाली आणली. असे कागद लोक डॅशबोर्डच्या खणात कोंबतात आणि विसरतात. हा मी दोन-तीनदा वाचला, कारण काम संपल्यावरही त्यात पुढच्या चाकांचे दोन आकडे लाल आहेत आणि ते जाणूनबुजून तसे ठेवलेले आहेत.

पहिली ओळ कॅम्बरची. गाडीसमोर उभं राहून पाहिलं तर चाक किती कललेलं दिसतं, त्याचं हे माप. आधीच्या रकान्यात डावं उणे 1°50′, उजवं उणे 1°10′. उणे म्हणजे चाकाचा माथा आत झुकलेला. गाडी खाली बसवली की माथा आत येणारच. अर्ल मॅकफर्सन यांनी 1940 च्या दशकात विकसित केलेल्या रचनेत चाकाला वरून शॉकअप धरतो आणि खालून लोअर आर्म. वरचा आर्म नसतोच. जागा वाचते, खर्च वाचतो, पण अशा बहुतेक गाड्यांत कॅम्बर फिरवायची सोय कंपनी ठेवत नाही. ते असो. गाडी दोन्हीकडे सारखी खाली आली असेल तर चाकंही सारखीच झुकायला हवीत. मग 40 मिनिटांचा, म्हणजे अंशाच्या दोन तृतीयांशाइतका फरक आला कुठून? इथे कागद नवे भाग बसवणाऱ्या हाताबद्दल सांगू लागतो. शॉकअपला नकलशी, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या भागाशी, जोडणाऱ्या दोन बोल्टांच्या भोकांत किंचित फट असते. एका बाजूचे बोल्ट फटीच्या या टोकाला कसले गेले, दुसऱ्या बाजूचे त्या टोकाला. कॉइलओव्हरवरची उंचीची रिंगही दोन्हीकडे नेमकी सारखी नव्हती. टेपने हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं तेव्हा डावी बाजू थोडी खाली निघाली. मशीन चालू करण्याआधी टेप काढणारा मिस्त्री मला फार आवडतो.

या कागदातली सगळ्यात महागडी ओळ टोची आहे. दोन्ही चाकांची तोंडं वरून पाहताना समांतर आहेत की फाकलेली, हे ती सांगते. लोअर आर्म आणि स्टिअरिंगकडून चाकाला वळवणारा टाय रॉड वेगवेगळ्या वर्तुळांत फिरतात, त्यामुळे उंची बदलली की चाकाची दिशाही बदलते. आधीचा एकूण टो उणे 0°30′, म्हणजे प्रत्येक चाक 15 मिनिटं बाहेर. डोळ्याला हे दिसतही नाही. पण 15 मिनिटं वाकडं चाक सरळ रस्त्यावर चाललं, की दर किलोमीटरला ते सुमारे 4.4 मीटर आडवं ओढलं जातं. बाग सेवनियाहून नर्मदापुरम साधारण 70 किलोमीटर. तिथल्या सेठानी घाटावर पोचेपर्यंत प्रत्येक पुढचं टायर 300 मीटर आडवं घासलेलं असणार. टायर आतून खातंय म्हणून लोक कॅम्बरला शिव्या देतात. खाण्याचं मोठं काम टो करत असतो. आत झुकलेल्या चाकाची आतली कडच जास्त भार घेते, म्हणून ते घासणं तिथे उमटतं.

आता नंतरचा रकाना. टो दोन्हीकडे 0°02′, हिरवा. कॅम्बर डावं उणे 1°30′, उजवं उणे 1°20′, दोन्ही लाल. नकलच्या वरच्या बोल्टाच्या जागी एक्सेंट्रिक बोल्ट टाकून अंश-दीड अंश सहज फिरवता आला असता, आकडा हिरवाही झाला असता. मिस्त्रीने तसं केलं नाही. मशीनमधल्या यादीतून त्याने स्विफ्ट निवडली, तेव्हा मर्यादाही कंपनीच्या उंचीच्याच आल्या. गाडी खाली आली आहे हे मशीनच्या कॅमेऱ्यांना कोण सांगणार? खाली बसलेल्या गाडीत चाकाचा माथा बाहेर ढकलला, तर खड्ड्यात टायर मडगार्डच्या कडेला लागतं. शिवाय वळणावर गाडी कलते तेव्हा थोडं उणे कॅम्बर असलेलं बाहेरचं चाक रस्त्यावर सपाट टेकतं. म्हणून त्याने आहे त्या फटीत बोल्ट सरकवून फरक कमी केला आणि झुकाव राहू दिला.

उरलेला 10 मिनिटांचा फरक मला या कागदातली सर्वांत सुंदर जागा वाटते. रस्ते पाणी वाहून जावं म्हणून मधून कडेकडे दोन-अडीच टक्के उतरते बांधतात. आपण डावीकडून चालतो, म्हणून गाडी हळूहळू डावीकडे सरकते. डावं चाक उजव्यापेक्षा जरा जास्त आत झुकलं, की ही ओढ सौम्य होते. क्रमही अचूक आहे: कॅम्बर आधी, टो शेवटी, स्टिअरिंग सरळ अडकवून. उलट केलं असतं तर कॅम्बर फिरवताना नुकताच लावलेला टो बिघडला असता.

मागच्या चाकांचे आकडे दोन्ही रकान्यांत तेच आहेत. तिथे दोन्ही चाकांना जोडणारा टॉर्शन बीम आहे, फिरवायला काही नाही. ते मर्यादेत निघाले, एवढंच.

गाडी खाली आणण्याबद्दल माझं मत पुतण्याला ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम 52 आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल, दोन्ही मी त्याला दाखवले आहेत. गतिरोधकाच्या उंचीचं प्रमाण 10 सेंटिमीटर आहे; कॉलन्यांतले गतिरोधक ते पाळत नाहीत, हे त्याच्या गाडीच्या पोटाने त्याला दाखवलं.

कागदाच्या तळाशी पेनाने लिहिलंय: 1000 किलोमीटरनंतर परत. नव्या स्प्रिंगा तोवर आणखी थोड्या बसतील. तेव्हा टो पुन्हा लावायचा. कॅम्बर फक्त बघायचं, डावं-उजवं त्याच 10 मिनिटांच्या फरकावर असेल तर नकलच्या बोल्टांना पाना लावायचा नाही.