ते काका माझ्या ओळखीचे आहेत

मागच्या रांगेतून तिसऱ्यांदा ‘वन्स मोअर!’ आला, तेव्हा मी खुर्चीत जरा खाली सरकले.

पुण्यात पेठेतल्या एका नाट्यगृहात ‘संगीत सौभद्र’चा प्रयोग चालू होता. शेजारी माझ्या टीममधली मैत्रीण. ती मूळची लातूरची, आयुष्यात पहिल्यांदा संगीत नाटक बघायला आलेली. मागच्या रांगेत साठी-सत्तरीतले सहा-सात जण होते. त्यातले एक काका प्रत्येक पद गायिकेच्या अर्धी मात्रा आधी गुणगुणत होते. तान आली की हात हवेत, सम आली की मांडीवर थाप, आणि थाप पडायच्या आत ‘क्या बात है’. एकदा तर ते शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हणाले, “इथे निषाद कुठे गेला?”

मैत्रिणीने वळून पाहिलं आणि माझ्या कानात विचारलं, “ओळखीचे आहेत का गं तुझ्या?”

मी म्हटलं, “नाही गं.”

खोटं बोलले. ते काका माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. निवृत्त बँक कर्मचारी. नाट्यसंगीताच्या ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी चार वर्षं आहे, त्याचे ते अ‍ॅडमिन. त्या प्रयोगाची तिकिटंही मला त्यांनीच काढून दिली होती.

हा लेख त्या ‘नाही गं’बद्दल आहे. आपल्याला एखादी गोष्ट जिवापाड आवडते, आणि तीच गोष्ट तितकीच आवडणारी माणसं समोर आली की लाज वाटते. असं का होतं, हे मला शोधायचं होतं.

आधी मैत्रिणीबद्दल सांगते, कारण या प्रकरणाची सुरुवात तिच्यापासून झाली. तिला ‘हॅमिल्टन’चं वेड आहे. लिन-मॅन्युएल मिरांडाचं हे म्युझिकल २०१५ साली ब्रॉडवेवर आलं. अमेरिकेच्या पहिल्या अर्थमंत्र्याचं चरित्र, तेही रॅपमधून. त्याचं चित्रीकरण २०२० च्या जुलैमध्ये, ऐन कोविडात, हॉटस्टारवर आलं आणि तिने ते इतक्यांदा पाहिलं की कंपनीच्या बसमध्ये हिंजवडी येईपर्यंत तिचा अख्खा पहिला अंक म्हणून होतो. एकदा मी तिला जरा तोऱ्यात म्हटलं, “गाण्यातून नाटक आपल्याकडे १८८० पासून आहे.” ती म्हणाली, “मग दाखव की.”

खरंच आहे. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आलं. ते आजही चालतं, आणि आजच्या मुलीला दाखवायला ते सगळ्यात सोपं. बलरामाला सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी लावायचंय, कृष्णाला अर्जुनाशी. मग कृष्ण जी काही उचापत करतो ते नाटक. अर्जुन यतीच्या वेशात द्वारकेत येतो आणि सुभद्रा त्याचीच सेवा करत त्याच्याचसाठी झुरते. शुद्ध रोमकॉम आहे. मैत्रीण पहिल्या वीस मिनिटांत रमली होती. मग मागून वन्स मोअर सुरू झाले.

आता इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. बसमध्ये ती रॅप म्हणते तेव्हा मला लाज वाटत नाही. उलट भारी वाटतं. ब्रॉडवेच्या चाहत्यांचे किस्से मी चवीने वाचलेत. १९९६ मध्ये ‘रेंट’ आलं, तेव्हा पुढच्या रांगांची तिकिटं वीस डॉलरला मिळत म्हणून पोरं थिएटरबाहेर फुटपाथवर रात्र काढायची. त्यांना ‘रेंटहेड्स’ असं नावच पडलं. हे वाचून मी कधी खुर्चीत खाली सरकले नाही. फुटपाथवर झोपणारं अमेरिकन पोरगं मला ‘पॅशनेट’ वाटतं आणि मांडीवर ताल देणारे काका ‘ओव्हर’ वाटतात. दोघांचा रोग एकच. फरक वयाचा, भाषेचा आणि माझ्या भीतीचा. ही मुलगी मला त्यांच्यात मोजेल, ‘पेठेतली, जुन्यात रमणारी’ म्हणेल, ही ती भीती. म्हणजे माझ्या लाजेतला हा भाग नाटकाशी संबंधित नव्हताच. तो माझ्या इमेजशी संबंधित होता. तो बाजूला काढू.

राहिला वन्स मोअर. त्यावर टीका करणं सोपं आहे, आणि मीही ती केली आहे. सुभद्रा व्याकूळ होऊन गाते, पद संपतं, आरोळी येते, आणि बाई पुन्हा पहिल्यापासून व्याकूळ होतात. नाटक थांबतं, पात्र विरघळतं, उरतो फक्त गवई. संगीत नाटक मागे का पडलं याची जी कारणं दिली जातात, त्यात बोलपट येतो, रात्रभर चालणारे प्रयोग येतात, आणि ही गाण्याची मैफल होणंही येतं.

पण त्या दिवशी मी शेजारी बघत होते. दुसऱ्या वन्स मोअरला गायिकेने तेच पद पुन्हा घेतलं, पण तसंच नाही. पहिल्यांदा जिथे ती सरळ खाली आली होती, तिथे या वेळी थांबली, ऑर्गनवाल्याकडे पाहिलं, आणि वेगळ्या वाटेने उतरली. मैत्रिणीने माझा हात दाबला. तिला निषाद माहीत नाही, पण आत्ता काहीतरी पहिल्यांदाच घडलं हे तिला कळलं. हे हॉटस्टारवर होत नाही. तिथे रिवाइंड केलं की तेच परत येतं. वन्स मोअर म्हणजे रिवाइंड नव्हे. ती समोरच्या जिवंत माणसाकडे केलेली मागणी आहे: अजून काय आहे तुझ्याकडे? आणि ती आरोळी ठोकायची लाज न वाटणारा कोणीतरी प्रेक्षागृहात लागतो. त्या दिवशी ते काका होते. माझ्यासारखे सगळे सभ्य बसले असते तर आम्हाला ती दुसरी उतरण ऐकायलाच मिळाली नसती.

मग लाज वाटण्यासारखं काहीच नव्हतं का? होतं. ते प्रयोगानंतर घडलं.

आम्ही रंगपटात भेटायला गेलो. सुभद्रेचं काम करणारी मुलगी माझ्याच वयाची असेल. गजरा काढता काढता ती सगळ्यांना नमस्कार करत होती. काका पुढे झाले, तोंडभरून कौतुक केलं, आणि मग म्हणाले, “पण बाळ, ती शेवटची जागा नारायणरावांची नाही घेतलीस. रेकॉर्ड ऐक एकदा.” नारायणराव म्हणजे बालगंधर्व. ते १९६७ साली गेले. मुलगी हसून “हो काका” म्हणाली. तिचा चेहरा मी पाहिला. मी लांब उभी राहिले, काही बोलले नाही.

ती जी ‘रेकॉर्ड’ आहे, तिच्याबद्दल इंजिनिअर म्हणून दोन वाक्यं. ७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं मावायचं. रंगमंचावर जे पद वन्स मोअर घेत घेत रंगायचं, रोज वेगळं व्हायचं, ते त्या तीन मिनिटांत कोंबलं गेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर ती लॉसी कॉम्प्रेशन केलेली फाइल आहे. आणि आपण त्या फाइललाच मूळ धरून आजच्या गायिकेला मोजतो. गंमत म्हणजे जे काका वन्स मोअर मागून ‘नवीन काहीतरी दे’ म्हणतात, तेच काका रंगपटात ‘जुनं तसंच दे’ म्हणतात.

चाहत्यांचं हे दुहेरी वागणं जुनं आहे. ८ जुलै १९२१ ला मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर आल्या. प्रेक्षक जणू कुस्ती बघायला आले होते, आपापला पैलवान ठरवून. त्याच वेड्या लोकांनी फंडात भरघोस पैसेही घातले. तीन महिन्यांनी, वयाच्या अवघ्या ३१व्या वर्षी, केशवराव गेले. तो एक प्रयोग ज्यांनी पाहिला, त्यांना तो जन्मभर पुरला असणार.

पण याच प्रेमाची दुसरी बाजूही आहे. बालगंधर्वांना लोकांनी सुभद्रा, भामिनी, सिंधू म्हणून इतकं डोक्यावर घेतलं की उतारवयात, शरीर साथ देत नसतानाही, ते त्याच भूमिकांत उभे राहत गेले. बघणारे येत होते, कारण त्यांना समोरचा माणूस दिसत नव्हता, आठवणीतला दिसत होता. आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या कंपनीत, पुढे आयुष्यात आल्या, तेव्हा ज्यांना आपला देव बदललेला चालत नव्हता, त्यांनी सगळं खापर तिच्यावर फोडलं. त्या स्वतः उत्तम गायिका होत्या, हे सांगायला चाहत्यांना फार वर्षं लागली. समोर उभ्या असलेल्या बाईला ऐकायचंच नाही, कारण डोक्यात दुसरंच गाणं वाजतंय. रंगपटात मी जे पाहिलं ते याचंच छोटं रूप होतं.

या वेडाबद्दलचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं नाटक मात्र अलीकडचं आहे, आणि ते संगीत नाटकच आहे. प्राजक्त देशमुखचं ‘संगीत देवबाभळी’, २०१७चं. तुकोबा भंडाऱ्यावर विठ्ठलात हरवलेत. त्यांची गरोदर बायको आवली भाकरी घेऊन त्यांना शोधत फिरते, पायात काटा रुततो, ती कोसळते. काटा विठ्ठल काढतो. मग तिची काळजी घ्यायला रखुमाई ‘लखुबाई’ बनून तिच्या घरात येऊन राहते. रंगमंचावर दोनच बायका. ज्याचं वेड आहे तोही नाही, ज्याला वेड आहे तोही नाही. एक भक्ताची बायको, दुसरी देवाची. दोघी मागे राहिलेल्या.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रडले. या प्रयोगानंतर ते पुन्हा आठवलं तेव्हा वेगळंच दिसलं. आवली ही पराकोटीच्या वेड्या चाहत्याच्या घरातली बाई आहे. तिला त्या वेडाचा संताप येतो, आणि गावात तोंड दाखवायची लाजही. ती विठ्ठलाला शिव्या घालते. पण नाटक हळूहळू हे दाखवतं की शिव्या घालण्यासाठी का होईना, त्याचं नाव तुकोबांइतकंच तिच्याही तोंडात आहे. ती बाहेर उभी आहे असं तिला वाटतं, पण ती आतच आहे. आणि देशमुख हे तिला भाषण देऊन सांगत नाही. गाणी कामातून येतात, चूल आणि धुण्यातून, बोलण्यातून कधी गाणं झालं ते कळत नाही. पद संपवून टाळ्यांसाठी थांबायची जुनी चौकटच इथे नाही. वन्स मोअरवरचं हे लेखकाचं उत्तर आहे असं मला वाटतं. प्रेक्षकाला गप्प बसवायचं नाही, पण त्याला गवई आणि पात्र वेगळं करायची फटही ठेवायची नाही.

मी आवलीसारखी बाहेर उभी राहून बघत होते. घरी आल्यावर फोनवर ग्रुपमधले माझे जुने मेसेज वर सरकवत वाचले. सहा महिन्यांपूर्वी एका नव्या गायकाच्या प्रयोगावर मी जवळजवळ आठशे शब्द लिहिले होते. त्यात वसंतराव देशपांडे पाच वेळा होते. त्या गायकाचं नाव एकदा. शेवटी ‘प्रयत्न चांगला’. खाली काकांचा अंगठा, आणि ‘वा! काय अभ्यास!’

काकांनी निदान तोंडावर सांगितलं होतं, आधी घसा बसेपर्यंत दाद देऊन. मी दाद न देता, मोठमोठ्या शब्दांत, पाठीमागे तेच केलं होतं. लाज वाटायची होती तर या मेसेजची वाटायला हवी होती.

तो मेसेज आता डिलीट होत नाही. त्या गायकाचा पुढचा प्रयोग मी तिकीट काढून बघितला आणि या वेळी फक्त त्याच्याबद्दल लिहिलं, दोनशे शब्द. वसंतराव न आणता लिहिणं किती अवघड जातं ते तेव्हा कळलं. कान खरंच उघडे ठेवावे लागतात.

मैत्रिणीला मी दुसऱ्या दिवशी बसमध्ये सांगितलं, “ते मागचे काका ओळखीचे आहेत माझ्या.”

ती म्हणाली, “माहितीये. इंटर्व्हलला वडे घेताना त्यांनी तुला हाक मारली होती. तू ऐकलं नाहीस.”

ऐकलं होतं.

पुढच्या महिन्यात ‘देवबाभळी’ बघायला मी तिला नेणार नाहीये, कारण तिनेच काकांचा नंबर घेऊन ग्रुपमध्ये प्रवेश केलाय आणि ती दोघं मिळून ‘मानापमान’ला जायचं ठरवतायत. मलाही विचारलंय. जाणार आहे. काकांच्या शेजारची खुर्ची घेईन. वन्स मोअर ओरडायला मला अजून जमणार नाही, पण प्रयोगानंतर ते रंगपटाकडे निघाले की मी सोबत जाईन. त्यांनी रेकॉर्डचा विषय काढलाच, तर त्या मुलीसमोर म्हणेन, “काका, आज हिचं ऐकलं ना, तेवढं पुरे.”