सहश्रोत्याचे एक वाक्य

मराठीत संगीतावर कमी लिहिले गेले, अशी तक्रार कोणी करणार नाही. गोविंदराव टेंबे यांचा ‘माझा संगीत व्यासंग’ १९३९ साली आला, वामनराव देशपांडे यांची ‘घरंदाज गायकी’ १९६१ साली. या दोन पुस्तकांनी आपल्याला गाण्याविषयी बोलायची भाषा दिली. तथापि हे लेखन मुख्यतः गायकाविषयी आणि मैफलीविषयी आहे. पडवीत बसून रोज रेडिओ ऐकणारा, आणि काल ऐकलेले आज कोणाला तरी सांगितल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, तो श्रोता या लेखनात क्वचितच भेटतो. वस्तुतः रसिकता टिकते ती त्याच्यामुळे.

इब्रामपूरसारख्या गावातून पाहिले की ही उणीव अधिक जाणवते. पेडणे तालुक्याच्या कडेचे हे गाव. पलीकडे दोडामार्ग, म्हणजे महाराष्ट्र. मैफल ऐकायची तर पणजी नाहीतर सावंतवाडी गाठायची. रोजचे गाणे आले ते रेडिओवरून. पणजीचे नभोवाणी केंद्र पोर्तुगीज अमदानीत १९४६ साली सुरू झाले आणि १९६१ नंतर आकाशवाणीचे झाले. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आकाशवाणीने १९५२ साली सुरू केला. शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागायचे आणि रविवारी देवळाच्या पायरीवर त्यावर बोलायचे, असा इथल्या काही मंडळींचा परिपाठ होता. पुढे कॅसेट आली, तीही हातोहात फिरली.

हे श्रोते कोऱ्या कानांचे नव्हते. पेडणे-डिचोलीत भजन ही केवळ भक्तीची बाब नाही, ती गळ्याची आणि तालाचीही आहे. इथे अभंग रागाच्या अंगाने गायला जातो आणि शेवट भैरवीने होतो. कला अकादमीच्या भजन स्पर्धेला मनोहरबुवा शिरगावकरांचे नाव आहे, त्यावरून या परंपरेचे वजन कळावे. हार्मोनियम, पखवाज आणि कोरस यांच्या सहवासात ज्याची चाळीस वर्षे गेली, तो माणूस ख्याल ऐकतो तेव्हा आपला सगळा अनुभव घेऊन ऐकतो.

उदाहरणच घ्यावयाचे तर केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांच्या भैरवीच्या तबकडीचे घेतो. केसरबाई फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. पेडण्यात एक केरी आहे, सत्तरीतही आहे, म्हणून हे सांगितलेले बरे. मैफलीचे ध्वनिमुद्रण त्यांना रुचत नसे, त्यामुळे मागे उरले ते मुख्यतः तबकड्यांवरचे तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. ही भैरवी मी अनेकदा ऐकली होती आणि ‘काय आवाज आहे!’ यापलीकडे मला काही म्हणता आले नव्हते. गावातल्या एका भजनीबुवांनी ती ऐकली आणि एवढेच म्हटले, ‘ही बाय श्वास खंय घेता तेंच कळना.’

हे वाक्य वरवरचे नाही. भजनात बुवांनी ओळ टाकली की कोरस ती उचलतो, आणि तेवढ्यात बुवा श्वास भरून घेतात. त्यांचे सगळे गाणे या सोयीवर उभे असते. केसरबाईंच्या मागे असा कोरस नाही. तरीही खुला आकार खंड न पडता चालतो, तानेच्या पोटात पुढच्या तानेची तयारी होते, आणि ऐकणाऱ्याला सांधा दिसत नाही. घराण्याच्या मूळ पुरुषाचा आवाज त्या गायकीला वळण देतो, असे वामनरावांचे एक प्रतिपादन आहे. बुवांनी ‘घरंदाज गायकी’ वाचलेली नव्हती. पण आवाजाचा धर्म आणि गाण्याचा घाट यांचे नाते त्यांनी आपल्या छातीच्या अनुभवातून पकडले होते.

याच तबकडीवर नाट्यसंगीतात वाढलेल्या दुसऱ्या एका स्नेह्यांचा आक्षेप होता. त्यांचे म्हणणे असे की, ठुमरीत शब्दाचे लाड व्हायला हवेत. इथे शब्द आहे, लाड नाहीत. बाई ठुमरी गातानाही ख्यालाचा भार उतरवीत नाहीत. हाही आक्षेप टाकाऊ नव्हे. स्वर आणि लय यांच्या प्रमाणावर घराणी मोजणाऱ्या वामनरावांच्या मोजपट्टीत शब्दाला स्वतंत्र स्थान कुठले, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

दोघांचे ऐकून झाल्यावर मी ती भैरवी पुन्हा लावली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. दोघेही एकाच गोष्टीविषयी बोलत होते. शब्दापाशी थबकायचे, त्याला वेगवेगळ्या बाजूंनी गोंजारायचे, तर स्वराचा प्रवाह थांबवावा लागतो आणि तिथे श्वास उघडा पडतो. केसरबाईंनी अखंडतेची निवड केली. तिच्या मोबदल्यात शब्दाचे लाघव सोडले. जे मिळवले आणि जे गमावले ते एकाच निर्णयाचे फळ आहे. मी एकटा ऐकत राहिलो असतो तर इथवर पोचलो नसतो. सहश्रोता हवा तो एवढ्यासाठी, आणि एक नव्हे, दोन हवेत. एकाचेच वाक्य मनात घर करून बसले तर दुसरे काही ऐकूच येत नाही.

याच भैरवीची एक गोष्ट जगजाहीर आहे. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या दोन ‘व्हॉयेजर’ यानांवरील तबकडीत ती आहे. तिथे ती पोचली ती कोणत्या सरकारी शिफारशीने नव्हे. रॉबर्ट ब्राउन नावाच्या संगीत-अभ्यासकाने कार्ल सेगन यांच्या मंडळींना ‘हे घ्या’ म्हणून सुचवले; मग न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात ती मुश्किलीने सापडली. एका रसिकाने दुसऱ्याला सांगितले, आणि दुसऱ्याने त्या सांगण्याचा मान राखून शोध घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई वारल्या.

आज शोधाशोध उरलेली नाही. ही भैरवी भ्रमणध्वनीवर क्षणात सापडते आणि दिवसाला दहा गाणी मित्रांकडून येऊन पडतात. याचा मला राग नाही. ज्या गावाला मैफल दूर होती त्याला हे वरदानच आहे. खंत आहे ती निराळी. गाणे येते, पाठवणाऱ्याचे ऐकणे त्याबरोबर येत नाही. खाली नमस्काराचे चित्र असते, घेणाराही तसेच चित्र परत पाठवतो, आणि दोघांपैकी एकानेही ते शेवटपर्यंत ऐकले की नाही हे गुलदस्तात राहते. कौतुकाची ही देवघेव रसिकतेला पोषक नाही. ‘वा!’ ही दाद मैफलीत शोभते, कारण तिथे ती नेमक्या जागेवर पडते. जागा न सांगता दिलेली दाद कोणत्याही गाण्याला लागू पडते, म्हणजेच कोणत्याच गाण्याला लागू पडत नाही.

नव्या मराठी संगीतसमीक्षेची वाट पाहणाऱ्यांनी केवळ पुण्या-मुंबईच्या सभागृहांकडे डोळे लावून बसू नये. सीमेवरच्या गावांत भजनाच्या बैठकी अजून होतात आणि तिथे कान तयार होत असतात. त्या कानांना काय ऐकू येते, हे कोणीतरी विचारायला हवे आणि ते त्यांच्याच बोलीत लिहून ठेवायला हवे. भजनीबुवांच्या त्या एका वाक्यात एका लेखाचे बीज होते. अशी किती वाक्ये पायरीवरच विरून गेली असतील.