आरशाची पाठ

इट्रस्कन स्त्रियांच्या थडग्यांत सापडलेल्या काशाच्या आरशांची गणना आजवर बहुधा प्रसाधनाच्या सदरात होत आली. दागिने, अत्तराची कुपी आणि आरसा, एवढ्यावर एका नटव्या स्त्रीचे चित्र पुरे होते! थिओपॉम्पस या ग्रीक इतिहासकाराने इ. स. पूर्व ४ थ्या शतकात या स्त्रियांना स्वैर ठरविले. त्या दूषणाची छाया अद्यापि पुरती ओसरलेली नाही.

परंतु हा आरसा क्षणभर उलटा करून पाहावा. उजळ बाजूच्या पाठीमागे पुष्कळदा कोरीव चित्र असते आणि अनेक चित्रांत पात्रांशेजारी त्यांची नावे इट्रस्कन लिपीत लिहिलेली असतात. व्हुल्ची येथे सापडलेल्या आणि आज व्हॅटिकनमध्ये असलेल्या एका आरशावर पंखधारी काल्खास हातातील यकृत निरखून शकुन पाहत आहे. हा आरसा इ. स. पूर्व ४०० च्या सुमाराचा. यात शृंगार तो कोणता? आणि नाव कोरावयाचे, ते कोणी तरी वाचावे म्हणूनच ना? इट्रस्कनांचे वाङ्मय जवळजवळ सारे लुप्त झाले आहे. अशा स्थितीत रोज हाती येणारी ही अक्षरे आरशाच्या धनिणीस परकी होती, असे मानणे कठीण आहे.

काही आरशांच्या उजळ बाजूवरच 'सुथिना', म्हणजे 'थडग्यासाठी', असा शब्द खोदलेला आढळतो. आपण कागदावर 'दप्तरी दाखल' असा शेरा मारतो, तशातलाच हा प्रकार! प्रतिबिंबावरच अक्षरे उमटली आणि आरसा जिवंतांच्या व्यवहारातून निघून मृतेच्या मालकीचा झाला.

मात्र वस्तूवरून माणूस ओळखण्याची घाई नको. २०१३ साली टार्क्विनियाच्या एका थडग्यात भाल्याशेजारी निजलेला सांगाडा राजपुत्राचा म्हणून गाजला. अस्थिपरीक्षेत तो ३५ ते ४० वर्षांच्या स्त्रीचा ठरला! आरसा सापडला म्हणून थडगे स्त्रीचे म्हणावयाचे आणि थडगे स्त्रीचे म्हणून आरसा स्त्रीचा ठरवावयाचा, हे तर्कशास्त्र गोल फिरून आपल्याच पूर्वग्रहापाशी येते.

हे वैभव संपन्न घराण्यांतले होते. त्यावरून साऱ्या इट्रस्कन स्त्रीजातीच्या स्वातंत्र्याचा डांगोरा पिटणेही योग्य नव्हे. तथापि ज्या आरशांवर देव, वीर आणि शकुनवेत्ते नावानिशी उभे आहेत, त्यांना केवळ नटण्याची साधने म्हणणे म्हणजे ग्रंथाची बांधणी पाहून त्यातील मजकुरावर अभिप्राय देणे होय.