अर्धा अंश

आल्को २५१ जातीच्या डिझेल इंजिनात प्रत्येक सिलिंडरला त्याचं स्वतःचं हेड असतं. एका रांगेत सहा सिलिंडर, वर सहा सुटी हेडं. एकाला तडा गेला तर तेवढंच उतरवायचं, उरलेल्या पाचांना हात लावायचं कारण नाही. मोटारीच्या सहा सिलिंडरी इंजिनावर बहुधा एकच लांबलचक हेड असतं. एक कोपरा बिघडला की सगळंच खोलावं लागतं. हे इंजिन रेल्वेच्या शेडमधली घाई ओळखून आखलेलं आहे, आणि त्याला पहिली दाद इथंच द्यावी लागते.

अमेरिकेतल्या स्केनेक्टडीच्या अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीनं, म्हणजेच आल्कोनं, १९५० च्या दशकात हे इंजिन आणलं. १९६९ मध्ये तिनं रेल्वे इंजिनं बनवणं थांबवलं. तोवर २५१ वाराणसीत रुजलं होतं. तिथल्या डिझेल रेल इंजिन कारखान्यातून, म्हणजे आजच्या बनारस लोकोमोटिव्ह वर्क्समधून, १९६४ च्या जानेवारीत पहिलं ब्रॉडगेज इंजिन बाहेर पडलं. त्याला सोळा सिलिंडर होते. १९६८ पासून तिथं मीटरगेजचं वायडीएम-४ बनू लागलं, त्याच्या पोटात सहा सिलिंडरांचं २५१. बोअर ९ इंच, स्ट्रोक साडेदहा इंच. एकेका सिलिंडरचं आकारमान जवळपास ११ लिटर, साऱ्या इंजिनाची ताकद सुमारे १४०० अश्वशक्ती. अकोला-खांडवा मार्गावर धुळघाटचा वळसा घालत चढणाऱ्या गाड्यांना ज्यांनी कान दिला असेल, त्यांना या इंजिनाचा आवाज परका नाही.

आता हेडकडे जरा जवळून पाहू. सिलिंडरच्या बाजूचा तळ म्हणजे फायर डेक. खालून ज्वाला, वरून थंड करणारं पाणी, आणि मध्ये बिडाची भिंत. भिंत जितकी जाड तितकी मजबूत, असं कुणालाही वाटेल. पण जाड बिडातून उष्णता सावकाश जाते, खालचा थर तापत राहतो, वरचा थंडच असतो. या ओढाताणीत तडे पडतात. म्हणून पुढच्या पिढीच्या ‘प्लस’ हेडात हा डेक मुद्दाम पातळ केला. गेलेली ताकद भरून काढायला मधल्या डेकला जास्त रिबांचा आधार दिला. ओतकामातले कोअर, म्हणजे आतल्या पोकळ्या राखणारे गाभे, ९ चे १४ झाले, त्यामुळे आत पाणी जास्त मावतं आणि कोपऱ्यात साचून राहत नाही. आट्यांचे प्लग जाऊन ठोकून बसवायचे प्लग आले, गळतीची एक वाट बंद झाली. एवढं करून हेड ८ किलोंनी हलकं! वजन उतरवून आयुष्य वाढवणारं असं ओतकाम पाहिलं की आखणाऱ्याच्या हाताला सलाम करावासा वाटतो.

खरी नजाकत मात्र व्हॉल्व्हच्या सीटपाशी आहे. प्रत्येक हेडात चार व्हॉल्व्ह, दोन हवा घेणारे, दोन धूर सोडणारे. सीटची कडी गारठवायची, हेड तापवायचं आणि कडी खाचेत बसवायची. दोन्हींचं तापमान एक झालं की ती जन्माची घट्ट. मग घासकाम. जुन्या मापात व्हॉल्व्हचं तोंड ४५ अंशांत घासतात आणि सीट साडेचव्वेचाळीस अंशांत. दोन्ही कोन सारखे ठेवले असते तर रुंद पट्टा पट्ट्यावर टेकला असता, दाब पसरला असता, काजळी मध्ये अडकली असती. अर्ध्या अंशाच्या फरकामुळे ते एका बारीक रेषेवर भेटतात, आणि सगळा दाब त्या रेषेवर येतो. तोंडाला निळा रंग लावून व्हॉल्व्ह सीटवर टेकवला की ही रेषा डोळ्यांना दिसते. ती सलग, गोल उमटली तर काम फत्ते. कुठं तुटली तर तिथूनच एक दिवस गॅस फुंकणार आणि व्हॉल्व्ह जळणार.

रॉकर आर्मचं कामही असंच हिशेबी. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये. तिथून पुशरॉड वर येतो आणि रॉकरचं एक टोक उचलतो. दुसरं टोक योकवर, म्हणजे दोन व्हॉल्व्हांना जोडणाऱ्या आडव्या तुकड्यावर, दाबतं आणि योक दोन व्हॉल्व्ह एकदम उघडतो. म्हणजे चार व्हॉल्व्हांना रॉकर दोनच. भाग कमी, पण शिस्त कडक: योक दोन्ही दांड्यांवर सारखा बसला नाही तर एक व्हॉल्व्ह आधी उघडतो, दुसरा रेंगाळतो. शिवाय थंड इंजिनात इथं थोडी फट ठेवावीच लागते, कारण तापल्यावर दांडी लांबते. फट कमी पडली तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. जास्त झाली तर टकटक वाढते आणि व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही. फीलर गेज किंचित अडत सरकलं की जाणत्या फिटरचा हात थांबतो.

कुन्नूर-उटीच्या चढावर वायडीएम-४ अजून गाड्या ओढतं, त्यामुळे हेड निवडण्याचा प्रश्न निव्वळ हौसेचा नाही. माझा कौल स्पष्ट आहे. इंजिन संग्रहालयात उभं राहणार असेल तर ९ कोअरचं मूळ हेड जपावं. तो इतिहास आहे. ओझं ओढणार असेल तर प्लस हेडच घ्यावं. रॉकर नवे-जुने कसेही असोत, बुश ढिला असेल किंवा योकशी टेकणारं टोक खड्डा पडून झिजलं असेल तर मोह न धरता बाजूला टाकावा. आणि हेड कुठलंही असो, गरम पाण्याच्या दाबाखाली तपासल्याशिवाय बसवू नये. थंडपणी मिटून राहिलेली चीर तापल्यावरच तोंड उघडते.