अनुदानाचे वन आणि कवितेचे वन

वर्षावनांच्या रक्षणासाठी नाटक, गीत, चित्रफीत, प्रदर्शन अशा सांस्कृतिक उपक्रमांना अनुदान देण्याची प्रथा आता चांगलीच रूढ झाली आहे. तिचे स्वागत करावयासच हवे. मात्र अशा अनुदानातून निपजणाऱ्या वाङ्मयाची पारख कोणत्या कसोटीवर करावयाची, हा प्रश्न समीक्षेने टाळू नये.

या संदर्भात केरळातील सायलेंट व्हॅलीचे उदाहरण उद्बोधक आहे. कुंतिप्पुळा नदीवरील जलविद्युत प्रकल्पास १९७३ साली नियोजन आयोगाची मान्यता मिळाली. त्याविरुद्ध केरळ शास्त्र साहित्य परिषदेने शास्त्रीय बाजू मांडली, तर सुगतकुमारी, ओ. एन. व्ही. कुरूप, अय्यप्प पणिक्कर प्रभृती कवी लेखणी घेऊन उभे राहिले. विरोधकांनी त्यांना ‘मरक्कवी’, म्हणजे ‘झाडांचे कवी’, असे हिणवले. सुगतकुमारींची वृक्षस्तुतिपर कविता आंदोलनाच्या सभांचे प्रारंभगीत बनली. १९८३ साली प्रकल्प सोडून देण्यात आला आणि १९८४च्या नोव्हेंबरात तेथे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. हे यश एकट्या कवितेचे अर्थातच नव्हे. पण ती कविता कोणत्या योजनेच्या कलमातून जन्मलेली नव्हती, हे लक्षात घ्यावयास हवे.

यावरून ‘अस्सल साहित्याला पैसा नकोच’ असा निष्कर्ष काढणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. शास्त्र साहित्य परिषद १९६२ साली मल्याळम विज्ञानलेखकांनी स्थापन केली होती. आंदोलन पेटण्यापूर्वी कितीतरी वर्षे ती मातृभाषेतून विज्ञान सांगत होती. कवींना जाणते श्रोते लाभले, त्यामागे ही मशागत होती. आणि मशागतीला खर्च येतोच.

अडचण आहे ती अनुदानाच्या मोजपट्टीची. पश्चिम घाटासाठी २००८ ते २०१५ या काळात ‘क्रिटिकल इकोसिस्टिम पार्टनरशिप फंड’ या आंतरराष्ट्रीय निधीने स्वयंसेवी संस्थांना साहाय्य दिले. प्रस्ताव, उद्दिष्टे, मुदत, अहवाल ही अशा निधीची रीत प्रजातींच्या पाहणीला शोभते. नाटकाला ती लावली, की प्रयोगांची आणि प्रेक्षकांची संख्या तेवढी उरते. मग लेखक अहवालासाठी लिहू लागतो आणि वनाचे ‘हिरवे वैभव’ होते. त्यात नावाचे एकही झाड नसते. सायलेंट व्हॅलीतील सिंहपुच्छ वानराचा आहार कुलेनिया वृक्षाच्या फुलाफळांशी घट्ट बांधलेला आहे. संहितेत केवळ ‘माकड’ आणि ‘झाड’ उरले, तर हे नाते हरवते आणि त्याबरोबर वन राखण्याचे कारणही.

म्हणून अनुदान संदेशाला नव्हे, भाषेला द्यावे. मारुती चितमपल्ली यांनी वनसेवेत आयुष्य वेचून वनवासींच्या तोंडची नावे टिपली, ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. त्यांचे वन बहुतांशी विदर्भातील पानझडीचे. सत्तरी-खानापूरच्या सदाहरित रानातील झाडाझुडपांची, देवरायांची, तेथल्या गीतांची मराठी-कोंकणी-कन्नड नावानिशी अशी नोंद होणे अगत्याचे आहे. ती नावे सांगणारी वडीलधारी माणसे आपल्याच घरांत थकत चालली आहेत. या कामाला मुदत लांब लागते आणि अहवालात ते फारसे दिसत नाही. पण उद्याच्या ‘मरक्कवी’ला शब्द मिळतील ते तेथूनच.